आधी शिट्टी, मग चहा

देवरूखात चौदा वर्षांच्या मुलीला वीस-पंचवीस पोरी 'ताई' म्हणायला लागल्या, की तिच्या घरच्यांनी सावध व्हावं. धाकट्या भावाची ताई वेगळी. ती बिनअधिकारी असते, तिचं कुणी ऐकत नाही आणि तिच्या वाटणीचा फणसपोळीचा फर्मास तुकडा तिच्याआधीच संपलेला असतो. मी म्हणतोय ती शाळेच्या गाईड पथकातली ताई. गळ्यात स्कार्फ, कमरेला पट्टा, खांद्यावरून दोरी आणि दोरीच्या टोकाला शिट्टी. ही शिट्टी ज्या दिवशी घरात येते, त्या दिवसापासून घरातल्या वडीलधाऱ्यांचं वय भराभर कमी होऊ लागतं. आमच्या घरात मी सध्या साधारण तिसरीत आहे.

पुतणीची संघनायिका म्हणून निवड झाली तेव्हा आम्ही कौतुकाने पेढे वाटले. तोवर या मुलीला सकाळी तीन हाका, एक धमकी आणि अंगावरचं पांघरूण ओढणं एवढं लागायचं. निवडीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठून तिने न्हाणीघराच्या दारावर कागद चिकटवला: 'प्रत्येकी सात मिनिटे. आजी दहा मिनिटे.' आजीच्या जादा तीन मिनिटांवरून वहिनींचं तोंड फुगलं ते संध्याकाळपर्यंत. रविवारी पडवीत नखांची तपासणी सुरू झाली. दादाचं गॅरेज आहे. त्याच्या नखांतली काळी रेघ लग्नात हळदीनेही गेली नव्हती. त्याच्या नावापुढे वहीत 'पुन्हा तपासणी' असा शेरा पडला. देवरूखातल्या निम्म्या ट्रकवाल्यांना दमात घेणारा हा माणूस तेव्हापासून रविवारी सकाळी लिंबाची साल घेऊन मागच्या दारी बसलेला असतो.

त्यातून रोजचं सत्कृत्य. गाईडने दिवसाकाठी एक तरी चांगलं काम करायचं आणि वहीत लिहायचं, असा शिरस्ता आहे. चांगली कामं जगात पुष्कळ असतील, पण रात्री साडेनऊला, वही भरायची राहिली असताना, हाताशी सापडणारा गरजू मीच. माझ्या चष्म्याच्या काचा पुसल्या गेल्या, माझी औषधं रंगानुसार लावली गेली (दिवसानुसार लावायची असतात हे डॉक्टरांचं मत तिला गौण वाटलं), आणि एकदा माझी छत्री नीट गुंडाळून तिला क्लोव्ह हिच नावाची गाठ मारून ठेवण्यात आली. क्लोव्ह हिच ही गाठ ओढाल तशी घट्ट होते. हे ज्ञान मला जुलैच्या पावसात एसटी स्टँडवर झालं. देवरूखचा जुलैचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको, आणि ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटणार नाही. चिंब होऊन घरी आलो तर बाईसाहेबांनी टॉवेल आणून दिला आणि ते दुसरं सत्कृत्य म्हणून लिहिलं.

आजीचा आणि पथकाचा खटका उडाला तो डाव्या हातावरून. स्काऊट-गाईड मंडळी एकमेकांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. जगभर करतात. पुतणीने आजीला पथकाचा नमस्कार शिकवायचा म्हणून डावा हात पुढे केला, तो नेमका सत्यनारायणाचा प्रसाद वाटायच्या वेळी. आजी म्हणाली, "हे कुठल्या साहेबाने शिकवलं?" आता साहेबानेच शिकवलेलं होतं, त्यामुळे पुतणीची पंचाईत झाली. शेवटी तह असा झाला की देवघराच्या उंबऱ्याच्या आत उजवा, बाहेर डावा. आजी हल्ली अंगणात भेटली तर डावा हात पुढे करते आणि वर तीन बोटांचा सॅल्यूटही ठोकते. तिचा अंगठा करंगळीवर नीट बसत नाही म्हणून तिलाही 'पुन्हा तपासणी' आहे.

घरात हा प्रकार, तर मैदानावर काय असेल म्हणून एका शनिवारी पाहायला गेलो. गाईडच्या पथकात सहा ते आठ मुलींचा एक संघ, संघाची एक नायिका, असे तीन-चार संघ. याखेरीज प्राथमिक शाळेतल्या बुलबुल असतात. बुलबुल हा पक्षी शांत असतो असा कुणाचा समज असेल तर त्याने सहा ते दहा वयोगटातल्या दोन डझन बुलबुल एका मैदानात सोडून पाहाव्यात. त्यांना आवरायच्या कामी पथकाच्या बाईंनी मोठ्या मुलींतल्या काही जणी घेतलेल्या. बाई स्वतः कुठे? तर पिंपळाच्या पारावर, हजेरीपट उघडा ठेवून, त्याच्याकडे न पाहता बसलेल्या. मी विचारलं, "तुम्ही काहीच करत नाही का?" त्या म्हणाल्या, "हेच तर करत्येय. फार अवघड असतं हो काही न करणं. मी उठले की त्या पोरी माझ्याकडे बघायला लागतात."

त्यांचं म्हणणं तिथेच पडताळून मिळालं. आमच्याकडचं मैदान म्हणजे वर दोन बोटं माती आणि खाली जांभा. एक बुलबुल धावताना पडली नि गुडघा फुटला. आम्ही तीन मोठी माणसं धावलो: मी, एक पालक आणि शाळेचे शिपाई. शिपाई म्हणाले हळद लावा. पालक म्हणाल्या तुरटी. मी आपला सुशिक्षित, म्हटलं धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला हवं. इंजेक्शन हा शब्द ऐकून पोरीने असा सूर लावला की पारावरच्या बाईंनीही मान वर केली (आणि परत खाली घातली). तेवढ्यात आमची पुतणी आली. आम्हा तिघांना "जरा वारा येऊ द्या" म्हणून बाजूला सारलं. बाटलीतल्या पाण्याने गुडघा धुतला, पेटीतला कापूस लावला, स्वतःच्या गळ्यातला स्कार्फ सोडून त्याची पट्टी दुमडली आणि बांधता बांधता विचारलं, "तुमच्याकडे म्हशी किती गं?"

"तीन."

"नावं काय?"

पोर हुंदके देत सांगू लागली. दुसऱ्या म्हशीच्या नावापर्यंत हुंदके होते, तिसरीला थांबले. मग रेडकू धरायचं की नाही यावर दोघींचा वाद सुरू झाला. रेडकू धरलं तर चार. तोवर रीफ गाठ बसलेली होती, आणि ही गाठ म्हणे सपाट बसते, टोचत नाही. पोर उठून लंगडत खेळात गेलीसुद्धा. आम्ही तिघे मोठे मागे उरलो ते हळद बरी की तुरटी बरी हे बोलत. संध्याकाळच्या तपासणीत पुतणीच्या संघाचे दोन गुण गेले. कारण? नायिकेच्या गळ्यात स्कार्फ नव्हता. गुण कापले कुणी? तपासणीची पाळी तिचीच होती.

हे अधिकार मुलींना कुणी आपण होऊन दिले असं समजू नका. साहेबाच्या घरातही ते त्यांनी घुसूनच घेतले. बेडन-पॉवेल हा इंग्रज सेनाधिकारी. दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगला वेढा पडला तेव्हा गावातली पोरं निरोप पोचवण्यापासून टेहळणीपर्यंत कामं चोख करतात हे त्याच्या नजरेत भरलं. 1907 साली त्याने ब्राउनसी बेटावर मुलग्यांचं शिबिर भरवलं, 1908 साली पुस्तक लिहिलं. पुस्तकाच्या नावातच 'मुलग्यांसाठी' असं स्पष्ट होतं. मुलींनी ते वाचलं, आणि नाव सोडून बाकीचं सगळं मनावर घेतलं. 4 सप्टेंबर 1909 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो स्काऊटांचा मेळावा भरला तेव्हा रांगेत काही मुली उभ्या. आमंत्रण नाही, पण टोप्या, काठ्या सगळं जय्यत. आम्हीही स्काऊट, म्हणाल्या. जनरलसाहेबांनी वेढा सोसला होता, पण याला उत्तर सापडेना. पुढच्या वर्षी त्यांनी मुलींसाठी निराळी गाईड चळवळ काढली आणि ती सांभाळायला आपली बहीण ॲग्नेस हिला पुढे केलं. अवघड काम बहिणीवर ढकलण्याची पद्धत फक्त आपल्याकडे आहे असं नाही. 1911 साली आपल्या देशातलं पहिलं गाईड पथक जबलपुरात निघालं. तेव्हा त्यात युरोपियन नि अँग्लो-इंडियन मुलींनाच प्रवेश होता. देशी मुली पुढे आल्या आणि मग त्यांनीही नाव सोडून बाकीचं मनावर घेतलं असणार. स्वातंत्र्यानंतर 1950 साली भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एक संस्था झाली, 1951 साली गाईडही तिच्यात आल्या. आणि सगळ्या जगातल्या गाईडांची जी मोजकी जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं एक 1966 पासून आपल्या पुण्यात आहे. त्याचं नाव 'संगम'. देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचं मुख्यालय असल्याने ते नाव आमच्यावरूनच ठेवलं असावं असं पथकातल्या मुलींचं ठाम मत आहे. मी तसा पुरावा मागितला नाही. मागून पुन्हा तपासणी कोण ओढवून घेणार?

साहेबाच्या वेळेपासूनची आणखी एक वाटणी चालत आलीय. मुलग्यांच्या संघांना प्राण्यांची नावं आणि मुलींच्या संघांना फुलांची. म्हणजे शेजारच्या मैदानावरचे स्काऊट वाघ, सिंह, गरुड. आणि इकडे गुलाब, कमळ. या नावांवरून वर्षाच्या सुरुवातीला झालेली सभा मी पडवीत बसून ऐकली, कारण ती आमच्याच ओटीवर झाली. गुलाब पहिल्या फेरीत बाद. इथल्या पावसात गुलाबाला बुरशी धरते, असलं नाव घेऊन हरायला होतं, असा एकीचा मुद्दा. कमळाला हरकत अशी की निवडणुका आल्या की आचारसंहिता लागते आणि फळ्यावरचं संघाचं चित्र झाकावं लागेल. मग सुरंगी, बकुळ, अबोली अशी घरची नावं आली. चौथ्या संघाला तिखट नाव हवं होतं. त्यांनी घाणेरी सुचवलं. घाणेरी कुठेही उगवते, पाणी लागत नाही, गुरं खात नाहीत आणि कापली तरी परत फुटते, हे तिचे गुण एका सातवीतल्या मुलीने असे मांडले की मीही विरघळलो. नाव बहुमताने मंजूर झालं. बाईंनी डोकं धरलं, पण बदललं नाही. त्या वर्षीच्या मेळाव्यात 'घाणेरी संघ, हाजीर' ही आरोळी सगळ्यात मोठी होती आणि शेजारचे वाघ चहा पीत होते.

हिवाळ्यात शिबिर भरलं ते मार्लेश्वरच्या वाटेवरच्या एका गावात, शाळेच्या आवारात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आदल्या रात्री जे झालं ते वेढ्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखं होतं. पाणी उकळणार का? बिबट्या दिसतो म्हणे, खरं का? माझ्या मुलीला वांगं चालत नाही. रात्री गादी आहे का? एकाने बिबट्याचा व्हिडिओ टाकला, तो निघाला गुजरातचा. या सगळ्याला पुतणीने (बाईंच्या फोनवरून, बाईंच्या परवानगीने) एकच उत्तर पाठवलं: 'भेटीची वेळ रविवारी 4 ते 5. त्याआधी येऊ नये.'

तरी एक आजी आलीच. कुणाची ते सांगत नाही, घरात राहायचंय. डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन, शनिवारी सकाळी. फाटकावर घाणेरी संघाची पाळी होती. "आजी, आत सोडता येत नाही." "अगो, मी काय चोर आहे?" "नाही. पण वेळ चारची." डबा ठेवून घेतला, लाडू मोजले, कागदावर 'लाडू 32, मिळाले' असं लिहून सही करून आजीच्या हातात पावती दिली. लाडू मग सगळ्या शिबिराला अर्धा अर्धा वाटले गेले. जिच्यासाठी आणले होते तिलाही अर्धाच. आजीला वाईट वाटेल असं आम्हाला वाटलं, पण ती पावती तिने पोथीत जपून ठेवलीय आणि आल्यागेल्याला दाखवते.

शिट्ट्यांची एक भाषा असते. एक लांब शिट्टी म्हणजे गप्प, लक्ष द्या. भराभर आखूड शिट्ट्या म्हणजे एकत्र या. सावकाश लांब लांब म्हणजे पांगा. तीन आखूड आणि एक लांब म्हणजे संघनायिकांनी ताबडतोब पुढे यावं. हे सगळं मुलींच्या हाडीमाशी खिळलेलं. शिबिराच्या स्वयंपाकघरात गावातल्या एका काकूंचा जुना कुकर होता, त्याचं झाकण जरा स्वतंत्र विचारांचं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने फुस फुस फुस करून तीन आखूड दिल्या आणि मग जी एक लांब लावली ती संपेचना. चारही संघनायिका हातातलं टाकून स्वयंपाकघरात हजर. काकू घाबरल्या. मुली सावधान. कुकरही जरा वेळाने शांत झाला. आता जमलोच आहोत तर सभा करूया म्हणून तिथेच सभा झाली आणि त्या सभेत रात्रीची डाळ जरा पातळ करावी, भात मऊ करावा आणि बुलबुलना आधी वाढावं असे तीन ठराव मंजूर झाले. काकू म्हणाल्या, आमच्या ग्रामसभेत एवढं वर्षात होत नाही.

पण या मुलींचं खरं पाणी पाहायचं तर 'खरी कमाई'च्या दिवशी. स्वकष्टाने चार पैसे मिळवून पथकाला द्यायचे, हा त्यामागचा हेतू. शाळाशाळांतून तो खाऊच्या दुकानांनी पुरा होतो. आई रात्रभर वडे तळते, बाबा सामान आणतात, काका टेबल उचलतात, आणि कमाई खरी मुलीची. बाईंनी या वेळी फतवा काढला: आईने हात लावायचा नाही. हा फतवा आयांना मुलींपेक्षा जड गेला. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून "मीठ... मीठ बघितलंस का?" एवढंच तीनदा म्हणाल्या आणि तिन्ही वेळा शिट्टी झाली.

आमच्या पुतणीच्या संघाचं दुकान कोकम सरबताचं. आगळ घरचं, साखर उधार, पेले भाड्याचे. ग्लासाला दहा रुपये. ऊन चढलं तशी गर्दी झाली आणि साडेअकराला लक्षात आलं की सरबत बाराला संपणार. एक मुलगी म्हणाली, पाणी घाला, कोणाला कळतंय? लगेच दुसरी म्हणाली, गाईड विश्वसनीय असते, पहिला नियम. गाईडचे नियम नऊ. तिसरीने आठवा काढला: गाईड काटकसरी असते. झालं! ग्राहक रांगेत उभे, आणि दुकानदार पहिला नियम मोठा की आठवा यावर खल करतायत. मी मध्ये म्हटलं, "अगो, तोवर एक ग्लास तरी दे." "काका, रांगेत." उच्च न्यायालयाला वर्षं लागली असती असा तो पेच पुतणीने मिनिटभरात सोडवला. पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं: 'घट्ट सरबत 10 रुपये. पातळ सरबत 5 रुपये.' आणि उघडपणे सगळ्यांदेखत दुसऱ्या पातेल्यात पाणी ओतलं. पहिला नियम शाबूत, आठवाही शाबूत. पातळ सरबतावर लोकांची झुंबड उडाली; दोन ग्लास पातळ प्यायले की दहाच रुपये होतात आणि पोटही भरतं, हा हिशेब कोकणी माणसाला सांगावा लागत नाही. शेजारच्या भेळेच्या दुकानाने लगेच 'तिखट भेळ' आणि 'बिनतिखट भेळ, 2 रुपये जास्त' अशी पाटी लावली. ती चालली नाही. दादा गॅरेजमधून चार कामगारांना घेऊन आला आणि घरचे म्हणून सूट मागू लागला. पुतणीने बापाकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने मुकाट्याने पन्नासची नोट काढली आणि सवयीने नखं लपवली.

आता एक गोष्ट मला खरंच डाचते, ती सांगून टाकतो. मेळाव्यांना प्रमुख पाहुणे बोलावतात. पाहुणे 'युवा नेतृत्व' या विषयावर बोलतात. पाहुण्यांचं वय सत्तर. नेतृत्व करणाऱ्या मुली समोर उन्हात सावधान. पाहुणे सावलीत, खुर्चीत, गळ्यात हार, पुढ्यात नारळपाणी. उद्याचे नागरिक, उद्याचे शिल्पकार, उद्याचे आधारस्तंभ... सगळं उद्याचं. या मुली आज सकाळपासून तंबू ठोकतायत, बुलबुलांना शी-शूला नेतायत, हिशेब लिहितायत, हे यांच्या गावी नाही.

एका मेळाव्यात असंच भाषण रंगलं होतं. पाहुणे शिवाजी महाराजांपासून निघाले होते आणि अजून पानिपत यायचं होतं. मागच्या रांगेतली एक मुलगी डुलायला लागली. पथक सावधान उभं असलं की आज्ञा मिळेपर्यंत हलायचं नसतं, आणि आज्ञा द्यायची ती पुढे उभ्या असलेल्या संघनायिकेने. ती घाणेरी संघाची सातवीतली मुलगी, आता आठवीत गेलेली. तिने मान न वळवता मागची डुलणारी सावली पाहिली असावी. पाहुणे श्वास घ्यायला थांबले आणि तिने खणखणीत आवाजात दिली: "पथक, विश्रा...म!" दीडशे पाय एका वेळी आपटले. तो आवाज पाहुण्यांना टाळ्यांसारखा वाटला असावा, की तोफेसारखा, कोण जाणे. त्यांनी "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो" असं म्हटलं आणि बसले. डुलणाऱ्या मुलीला खाली बसवून पाणी दिलं गेलं. पारावरच्या बाई त्या दिवशीही हजेरीपटात काहीतरी शोधत होत्या. व्यासपीठावरचे एक पदाधिकारी नंतर त्या मुलीला शोधत आले. तिने त्यांना तीन बोटांचा कडक सॅल्यूट ठोकला. आता सॅल्यूट ठोकलेल्या मुलीला रागवायचं कसं, हे त्यांच्या पुस्तकात नसावं.

मोठ्यांना न विचारता कामाला लागलेल्या बायकांची देवरूखला तशी सवय आहे. इंदिराबाई हळब्यांनी 1954 साली इथे मातृमंदिर सुरू केलं, ते एका लहानशा प्रसूतिगृहापासून. अख्खा तालुका त्यांना 'मावशी' म्हणायचा. एकदा अख्ख्या तालुक्याची मावशी झाल्यावर कुणाची टाप होती नाही म्हणायची? आणि पोरींच्या हाती शाखा-पथकं देण्याचं हे खूळ काही एकट्या गाईडांचं नाही. 1936 साली वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती निघाली, 1941 साली राष्ट्र सेवा दल. सेवा दलाचे साने गुरुजी तर आमच्याच जिल्ह्यातल्या पालगडचे. सेवा दलाच्या शाखांवर आणि कलापथकांत किती पोरी तयार झाल्या. स्मिता पाटीलही त्यातलीच. या संघटनांचे विचार एकमेकांना छेद देणारे, वर्षानुवर्षं एकमेकांच्या वाऱ्याला उभे न राहणारे. पण कुठल्याही मैदानावर संध्याकाळी जाऊन बघा. आठवीतली मुलगी चौथीतल्या मुलींना रांगेत उभं करताना दिसेल, तोच आवाज, तीच भुवई. ती भुवई कुठल्या विचारसरणीची आहे ते मला अजून ओळखता आलेलं नाही. आमच्याकडे ती आजीकडून आलीय.

या सगळ्यावर एकच उतारा आहे, त्याला दहावी म्हणतात. मुलगी नववी ओलांडते नि घरोघर एकच धून लागते: आता पुरे झाली शिट्टी. वहिनींनीही लावली. मग कुणीतरी सांगितलं की राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तर दहावीला सवलतीचे गुण मिळतात. वहिनींचा सूर दोन मिनिटांत पालटला. "तसं शिस्तीचं वळण चांगलंच हो लागतं," म्हणाल्या. पण पुतणीनेच ठरवून टाकलं होतं. दहावीत एकीने संघ सोडायचा आणि दुसरीला द्यायचा, असा त्यांच्या सभेचा ठराव होता, आणि ठराव मांडणारी तीच.

नवी नायिका कोण झाली? ती म्हशीवाली नव्हे, ती अजून लहान आहे. शिबिरात पहिल्या रात्री आईची आठवण काढून रडली होती ती एक किरकोळ अंगाची मुलगी. पदभार सोपवायच्या दिवशी आम्ही घरचे सगळे गेलो. पुतणीने वही, चावी, प्रथमोपचाराची पेटी, खरी कमाईच्या हिशेबाचा कागद दिला, शेवटी शिट्टी दिली आणि दिल्यावरही तिथेच उभी राहिली. नव्या ताईने रांगा लावायला घेतल्या. अबोलीची रांग वाकडी होती. पुतणीला राहवेना. "अगं, त्या टोकाच्या मुलीला आधी..."

नव्या ताईने एक लांब शिट्टी दिली. सगळं गप्प.

"ताई, तुम्ही पालकांच्या इथे बसा ना," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात.

पुतणी येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. हात मांडीवर, पाय हलतायत. जरा वेळ गेला.

"उन्हात किती वेळ उभं ठेवणारेत हो त्यांना?" ती मला म्हणाली. "पाणी तरी दिलंय का? काका, तुमच्या त्या पालकांच्या ग्रुपवर जरा विचारा."